मेईच्या निधनवार्तेतले दोन शब्द

प्रिय निमिष आणि सई,

आजीने आपल्याला व्हॉट्सॲपवर न लिहिता हे पुरवणीत का छापलं, असं तुम्हाला वाटेल. मुद्दामच छापलं आहे. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर ते आपल्या तिघांतच राहिलं असतं. पण मी जे केलं ते छापून आलेलं आहे, चार लोकांनी वाचलेलं आहे. तेव्हा त्याबद्दल जे सांगायचं तेही छापूनच सांगावं, असं मनाने घेतलं.

निमिष, मागच्या महिन्यात तुला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय आला होता, तैवानच्या प्रश्नात अमेरिकेची भूमिका. तुला अमेरिकेच्या बाजूने बोलायचं होतं. तू म्हणालास, “आजी, तू तिथेच राहतेस, मला पॉइंट्स दे.” मी दिले. नेहमीसारखे क्रमाने, प्रत्येक मुद्द्याखाली एक उदाहरण. चीन म्हणतो तैवान आमचा प्रांत आहे. तैवान आपलं सरकार आपण निवडतं. आणि अमेरिका तैवानला शस्त्रं देते, पण देश म्हणून मान्यता देत नाही, आणि उद्या हल्ला झाला तर आपण लढायला येऊ की नाही हेही सांगत नाही. यामुळे दोन्ही बाजू सावध राहतात आणि युद्ध टळतं, असं मी तुला लिहून दिलं. तू दुसरा आलास. रविवारी फोनवर खुशीत सांगत होतास, “आजी, तुझं ते वाक्य परीक्षकांना जाम आवडलं. स्पष्ट न बोलण्यातही जबाबदारी असू शकते, ते.” तेवढ्यात सई मागून ओरडली, “पण मेई मावशी यावर काय म्हणाली असती?” मी म्हटलं, कुकर लावलाय, नंतर बोलते. कुकर लावलेला नव्हता.

मेई गेल्याचं तुम्हाला आईने सांगितलं होतं. तुमची आई लहानपणापासून तिला मेई मावशी म्हणायची, म्हणून तुम्हीही तेच म्हणायला लागलात. आजी म्हटलेलं तिला खपायचं नाही. आता तिला जाऊन नऊ आठवडे होतील. केविनचा, तिच्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी सीनियर सेंटरला जायला बस स्टॉपवर उभी होते. जानेवारीतली ॲन आर्बरची थंडी तुम्ही पाहिलेली नाही. नाकातला श्वाससुद्धा टोचतो. केविन म्हणाला, “आंटी, मॉम गेली. सकाळी. झोपेतच.” मी काय विचारलं असेल? किती वाजता, असं विचारलं. तो म्हणाला, सहा वीसला. मी हातमोजा काढला, पर्समधून डायरी काढली आणि गारठलेल्या बोटांनी सहा वीस असं लिहून ठेवलं. मग बस आली आणि मी तिच्यात चढले. रडू आलं ते खूप नंतर, सेंटरच्या स्वयंपाकघरात, चहाचे कप मोजताना… सोळाऐवजी सतराच मांडले होते मी.

वेळ आधी लिहून घेण्याची ही सवय कशी लागली, ते सांगते. आजोबा गेले तेव्हा त्यांची निधनवार्ता लिहायला बसले आणि मला त्यांच्या कॉलेजचं वर्ष आठवेना. त्रेचाळीस वर्षांचा संसार, आणि वर्ष आठवेना! नागपूरला त्यांच्या भावाला फोन करावा लागला. तेव्हा मी ठरवलं की सेंटरमधल्या कुणाच्या घरच्यांवर ही वेळ येऊ द्यायची नाही. विद्यापीठाच्या ऑफिसात तीस वर्षं मी फॉर्म तयार करण्यातच घालवली होती. एक पानाचा कागद केला. नाव, जन्म कुठला, शाळा, नोकरी, घरची माणसं, आणि शेवटी, तुमच्याविषयी काय लिहावं असं तुम्हाला वाटतं. ज्याला हवं त्याने आपल्या हाताने भरायचा, मी तो फाईलमध्ये ठेवायचा, आणि माणूस गेलं की त्यावरून मी निधनवार्ता लिहून द्यायची. माझं इंग्रजी चांगलं, तारखा कधी चुकत नाहीत, म्हणून सगळ्यांनी ते काम आनंदाने माझ्या गळ्यात घातलं. कागद खाजगी असायचा. त्याची प्रत काढायची नाही, आणि निधनवार्ता छापून आली की मशीनमध्ये घालून तुकडे करायचे, हे नियमही माझेच.

मेईने तो कागद भरला तेव्हा मी समोर बसले होते. जन्म कुठला, या ओळीवर तिने पेन टेकवलं आणि माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, “तुझ्या फॉर्ममध्ये जागा कमी आहे.” मग बारीक अक्षरात लिहिलं, माझा देश तैवान, तिथल्या ताइनान शहरात. खाली कंस करून लिहिलं, हे बदलायचं नाही. मी म्हटलं, “अगं, कंसातलं छापायचं का?” ती म्हणाली, “कंस तुझ्यासाठी आहे.”

आम्ही दोघी इंग्रजीतच बोलायचो. इथे तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे, पण “अगं” आणि “बस बस” हे शब्द ती खरोखरच म्हणायची, माझ्याकडून उचललेले. ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची. आमची ओळख बसमध्ये झाली. माझ्या डब्यात काय आहे हे तिने वासावरून ओळखलं आणि सरळ विचारलं, “वांगं आहे ना? थोडं दे.” मी अमेरिकेत आल्यावर माझ्याकडे कुणी असं हक्काने काही मागितलं ते पहिल्यांदाच.

ती लहान असताना ताइनानजवळ अमेरिकन विमानदळाचा तळ होता. तिथल्या एका वैमानिकाच्या बायकोकडून ती इंग्रजी शिकली. शाळेत मात्र सरकारी चिनी सोडून घरची बोली बोलली म्हणून तिच्या गळ्यात पाटी अडकवून तिला दिवसभर उभं केलं होतं. बेटावर तेव्हा लष्करी कायदा होता, आणि चीनमधल्या यादवीत हरून बेटावर आलेलं तिथलं सरकार आपणच सगळ्या चीनचं सरकार आहोत असं म्हणायचं. अमेरिकाही तसंच म्हणायची. मग मेई इथे शिकत असताना एके दिवशी अमेरिकेने बाजू बदलली, बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली आणि तैवानशी राजनैतिक संबंध तोडले. रेडिओवर ते सांगितलं तेव्हा तिची खोलीतली मैत्रीण, ओहायोची मुलगी, घाबरून म्हणाली, “मेई, तुझ्या देशाला काय झालं?” मेई म्हणाली, “काही नाही, आहे तिथेच आहे. तुम्ही लोकांनी तिकडे बघणं बंद केलंय.” हे सांगताना ती हसायची. पण एकदा हसली नाही. म्हणाली, “आधी तीस वर्षं तुम्ही म्हणालात की आमच्या बेटावरचं सरकार म्हणजे अख्खा चीन. ते खोटं होतं. मग म्हणालात की चीनचं म्हणणं तुमच्या ध्यानात आलं आहे. आम्हाला काय वाटतं ते दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.” तुम्ही म्हणजे अमेरिकन. मीही तेव्हा नुकतीच अमेरिकन नागरिक झाले होते, त्यामुळे त्या तुम्हीमध्ये मीसुद्धा होते. हे तिला म्हटलं तर म्हणाली, “हो, तू पण. आणि मी पण. अजून भात वाढ.”

ध्यानात आलं आहे, हे तिचं आवडतं वाक्य. अमेरिकेने चीनला लिहून दिलं होतं की तैवान चीनचाच भाग आहे असं तुमचं म्हणणं आहे, हे आमच्या ध्यानात आलं आहे. पटलं आहे असं नाही, पटलं नाही असंही नाही. मेईला त्याची फार गंमत वाटायची. माझी भाजी तिखट झाली की घटाघटा पाणी पीत म्हणायची, “भाजी तिखट नाही असं तुझं म्हणणं आहे, हे माझ्या ध्यानात आलं आहे.” पण ती एकांगी नव्हती, हेही लिहायला हवं. अमेरिकेची शस्त्रं नसती तर बेट कधीच गिळलं गेलं असतं, असं तीच सांगायची. म्हणायची, “ते माझ्या दारात उभे राहतात, कुलूप आणून देतात, चोर आला तर बघू म्हणतात. फक्त घर कुणाचं ते तोंडाने म्हणत नाहीत.”

ती अमेरिकन नागरिक झाली तेव्हा पहिल्या पासपोर्टवर तिचं जन्मस्थान चीन असं छापून आलं. तेव्हा इथला नियमच तसा होता. तिने चीन पाहिलेला नव्हता. काही वर्षांनी नियम बदलला आणि मागणाऱ्याला तैवान असं लिहून मिळायला लागलं. त्या आठवड्यात मेईने सुट्टी टाकली, जुन्या पासपोर्टची मुदत बाकी असताना नवा काढायला दिला, आणि तो आला त्या दिवशी थेट माझ्या घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पान उघडून ठेवलं. मी शिरा केला. तुमची आई शाळेतून आली आणि विचारलं, “मेई मावशी, आता तू कुठे जाणार?” मेई म्हणाली, “कुठे नाही. नुसतं बघणार.”

आता माझ्याविषयी थोडं. आपण बौद्ध आहोत हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या वडिलांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली हे तुम्ही अभिमानाने सांगता. मी नेहमी सांगत नव्हते. इथल्या मराठी कार्यक्रमांना आम्ही जायचो. तिथे बायका आडनाव विचारायच्या, मी मेश्राम म्हटलं की चेहरा थोडा थांबायचा, आणि मग प्रश्न यायचा, “म्हणजे तुम्ही कुठल्या?” मला त्या प्रश्नातलं काय हवं आहे ते नीट कळायचं, आणि मी सफाईने सांगायचे, नागपूरच्या. आणखी खोदलं तर, वडील पोस्टात अधिकारी होते. आणखी खोदलं तर, मुलीच्या परीक्षेचा विषय काढायचे. एका दिवाळीच्या कार्यक्रमाला मेई माझ्याबरोबर होती, हातात बटाटेवड्याची ताटली. एका काकूंनी मला तिसऱ्यांदा विचारलं, “नागपूरच्या हो, पण म्हणजे कोण?” मेईने मला कानात विचारलं, “ती काय विचारतेय?” मी म्हटलं, आम्ही कोण ते. मेई मोठ्याने म्हणाली, “ती बुद्धिस्ट आहे. मीपण. आम्ही दोघी एकाच पार्टीतल्या.” काकू दचकल्या आणि म्हणाल्या, “अय्या, हो का! म्हणजे मेडिटेशन वगैरे का?” मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्या काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी मेईला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं. वडे तेलकट होते.” त्या दिवसापासून मला कुणी विचारलं तर मी सांगते. आजोबांच्या निधनवार्तेतही ते स्पष्ट लिहिलं. मला ते बोलायला तिने शिकवलं, पन्नाशी जवळ आलेली असताना.

तिचं हृदय गेल्या वर्षभरात थकत गेलं. शेवटची भेटले ती जायच्या चार दिवस आधी, तिच्या घरी. खिडकीजवळ पलंग लावला होता, बाहेर बर्फावर खारींच्या पावलांच्या रेघा. ती फार बोलत नव्हती. मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, “माझा कागद कुठे आहे?” मी म्हटलं, “फाईलमध्ये. टी अक्षराखाली, तुझ्या आडनावाच्या.” ती म्हणाली, “बदलू नकोस.” मी तिची शाल सारखी करत म्हटलं, “मी कशाला बदलेन, वेडी का तू?” हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

ती गेली त्याच दुपारी कागद घेऊन मी तिच्या घरी गेले. केविन स्वयंपाकघरात बसला होता, दाढी वाढलेली, समोर गार झालेली कॉफी. तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे, कामासाठी वर्षातून तीनचारदा शांघायला जातो. त्याची बायको जिंग चीनमधली, तिचे आईवडील तिथे आहेत. मेईचं जिंगवर प्रेम होतं. दोघी मिळून अननसाच्या वड्या भाजायच्या आणि एका विषयावर कधी बोलायच्या नाहीत. केविनने कागद वाचला. मग हळूच म्हणाला, “आंटी, हे ‘माझा देश’ एवढं काढता येईल का? ताइनान, तैवान, सगळं राहू दे. फक्त तेवढं. मला पुढच्या महिन्यात तिकडे जायचंय, जिंगचे पेरेंट्स तिकडे आहेत, आणि हल्ली कुणीही नाव सर्च केलं की सगळं वर येतं. कदाचित काहीच होणार नाही. पण…” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, “तू काळजी करू नकोस, मी बघते.”

त्याने एवढंच मागितलं होतं, हे नीट लक्षात ठेवा. घाबरलेला, आई गेलेला मुलगा; त्याने आईच्या एका ओळीतले दोन शब्द मागितले होते आणि गावाचं नाव ठेवायला सांगितलं होतं.

घरी येऊन मी कॉम्प्युटरसमोर बसले. ‘माझा देश’ काढलं. राहिलं, ताइनान, तैवान येथे जन्म. एवढ्यावर थांबायचं होतं. पण मी वाचत बसले. हे सेंटरच्या फळ्यावर लागेल, मनात आलं. तिथे चीनहून आलेले आजी-आजोबा पत्ते खेळायला येतात. मागच्या वर्षी त्यांच्या नवीन वर्षाच्या कार्यक्रमात एका नकाशातल्या तैवानवरून वाद झाला होता आणि सेक्रेटरी म्हणून मी तो नकाशाच उतरवून प्रश्न मिटवला होता. सगळ्यांनी माझे आभार मानले होते. जिंगचे आईवडील वाचतील, त्यांना वाईट वाटेल. केविनला उगीच त्रास. यातलं कुणीही मला काही म्हटलेलं नव्हतं. मी मनातल्या मनातच सगळ्यांचे आक्षेप गोळा केले आणि त्यांना उत्तर म्हणून लिहिलं, जन्म परदेशात. विद्यार्थिनी म्हणून मिशिगनला आल्या. इंग्रजीत ते वाक्य छान वाचलं जात होतं. कुठे अडत नव्हतं. मला बरं वाटलं, हेही लिहिते. एखादा किचकट फॉर्म मार्गी लागला की वाटतं तसं बरं वाटलं.

केविनला पाठवलं. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं, “परफेक्ट, आंटी. तुम्हाला नेहमी योग्य शब्द सापडतात.” त्याने नीट वाचलं असेल असं मला वाटत नाही. आईच्या मृत्यूनंतर सातव्या-आठव्या तासाला कोण नीट वाचतं? नीट वाचायचं काम माझं होतं. दोन दिवसांनी ते छापून आलं. त्या दुपारी मी नियमाप्रमाणे फाईल उघडली, टी अक्षराखालचा मेईचा कागद काढला आणि मशीनमध्ये घातला.

शोकसभा सेंटरच्या हॉलमध्ये झाली. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला तीच निधनवार्ता छापली होती. ओहायोमधल्या डब्लिनहून मेईची शाळेपासूनची मैत्रीण सूहुआ आली होती, चालायला वॉकर लागतो तरी मुलाच्या गाडीतून चार तास प्रवास करून. तिने चष्मा वर करून ती वाचली आणि माझ्याकडे आली. म्हणाली, “परदेशात जन्म? कुठल्या परदेशात? आम्ही दोघी एकाच गल्लीत जन्मलो. गल्लीला नाव होतं.” मग तिने विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

मी म्हटलं, “घरच्यांनी ठरवलं.”

इंग्रजीत ते चारच शब्द होते, आणि मी ते शांत, समजूतदार आवाजात म्हटले. ऑफिसात विद्यार्थ्यांना नकार कळवायचा असला की मी तोच आवाज लावायचे. केविन दोन पावलांवर अननसाच्या वड्यांचा डबा धरून उभा होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघितलं. मग पुढे येऊन सूहुआला म्हणाला, “सॉरी, आंटी. माझी चूक झाली.” आणि वाकून तिच्यापुढे डबा धरला. सूहुआने एक वडी घेतली, पण खाल्ली नाही. रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. मी तिथेच उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं. जवळजवळ अख्खं एक मिनिट आम्ही तिघं तिथे उभे होतो…

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन केला. निधनवार्तेत दुरुस्ती हवी आहे म्हटलं. फोनवरची मुलगी चांगली होती. तिने ती शोधून काढली, वाचली, आणि विचारलं, “मॅम, यात चूक कुठली आहे? त्यांचा जन्म परदेशात झाला नव्हता का?” मी म्हटलं, झाला होता. ती म्हणाली, “मग दुरुस्त काय करायचं?” खोटं लिहिलं असतं तर दुरुस्त करता आलं असतं. मी खोटं लिहिलेलंच नव्हतं. तिने सांगितलं की मजकूर वाढवून सगळी निधनवार्ता नव्याने देता येईल, पण घरच्यांची सही लागेल.

म्हणून केविनला फोन केला. मी सगळं सांगितलं, सरळ, क्रमाने. तू दोनच शब्द काढायला सांगितले होतेस, बाकीचं मी आपल्या मनाने केलं, आणि सूहुआसमोर ते तुमच्यावर ढकललं. तो म्हणाला, “मला माहीत आहे, आंटी. छापून आल्यावर वाचलं मी.” मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, “तुम्ही मॉमच्या बेस्ट फ्रेंड. मला वाटलं, तुम्ही काहीतरी विचार करूनच केलं असेल.” सहीचं विचारलं तर म्हणाला, “आता राहू दे, प्लीज. पुन्हा सगळं वर काढायला नको. जिंगला मी आधीच काय काय समजावलंय.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. आता त्याच्याकडे दुसऱ्यांदा मागायचा मला हक्क नाही, आणि त्याच्या सहीशिवाय काही होणार नाही.

निमिष, मी तुला दिलेले मुद्दे चुकीचे नव्हते. अमेरिकेने स्पष्ट बोलावं की बोलू नये, बोलली तर युद्ध होईल की टळेल, हे मला खरंच माहीत नाही, आणि आपल्याला माहीत आहे असं जे म्हणतात त्यांच्यातही एकमत नाही. मेई स्वतःसुद्धा त्यावर दिवसाआड मत बदलायची. पण ते मुद्दे लिहिताना मी किती सहज लिहिले, ते आता मला दिसतं. त्याच्या पाच आठवडे आधीच मी तेच केलं होतं, आणि माझ्यावर कुणाची क्षेपणास्त्रं रोखलेली नव्हती. दोन देशांचं भांडण माझ्या हातात नव्हतं. एका बाईचा एक कागद होता. तिने मला आपण कोण आहोत हे चारचौघांत सांगायला लावलं, त्यापायी माझं हळदीकुंकू बुडालं तर हसली. आणि तिचं सांगायची वेळ आली तेव्हा मी वाक्य कुठे अडतंय का एवढंच पाहिलं. सई, मेई मावशी काय म्हणाली असती, ते तू विचारलंस. माझा सगळा खुलासा तिने ऐकून घेतला असता आणि म्हणाली असती की तुझं म्हणणं माझ्या ध्यानात आलं आहे. मग जेवायला बसली असती का, ते मला सांगता येत नाही.

आमच्या मेईचा जन्म तैवानमधल्या ताइनान शहरात झाला आणि तैवान हा तिचा देश होता. हे मी इथे मराठीत लिहिते आहे. तिच्या ओळखीचं कुणी ते वाचणार नाही. याने काही भरून येत नाही हेही मला कळतं. तुमच्यासाठी लिहिलं. पुढे कधी कुणी तुम्हाला सांगितलं की आजीला नेहमी योग्य शब्द सापडायचे, तर त्या माणसाला हे दाखवा.

मेईच्या हातचा कागद आता नाही. तिने काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे, पण माझ्या पाठांतराला पुरावा म्हणत नाहीत, आणि मी गेल्यावर तेही जाईल. उरली आहे ती निधनवार्ता. वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर आहे, सेंटरच्या फाईलमध्ये आहे, आणि शहराच्या लायब्ररीत जुने अंक जपून ठेवतात त्यांत आहे. तिच्यात मेईचं वय, नवऱ्याचं, मुलाचं, सुनेचं आणि नातीचं नाव बिनचूक आहे. सगळ्या तारखा बरोबर आहेत. आणि तिचा जन्म परदेशात झाला, असं लिहिलं आहे.